लाल की पांढरा

माझा डोळा गेला तेव्हा सगळ्यात आधी मी जावेशी भांडले.

शहाण्णव सालची गोष्ट. हसनाबादच्या आमच्या मळ्यात कपाशीचा सीड प्लॉट होता. आमच्या गावात बऱ्याच जणांकडे असे प्लॉट असतात. जालन्याच्या बियाणे कंपन्या ते लावून घेतात आणि काम सगळं बायकांच्या बोटांवर चालतं. संध्याकाळी मादी ओळीत फिरून उद्या उमलणारी कळी शोधायची, अंगठ्याच्या नखानं तिची पाकळी आतल्या परागांसकट सोलून काढायची आणि उघड्या पडलेल्या मधल्या दांडीवर लाल कागदाची बारीक पुंगळी बसवायची. सकाळी लाल दिसेल तिथं थांबायचं, पुंगळी काढायची, नर ओळीतलं फूल त्या दांडीवर फिरवायचं आणि वर पांढरा कागद घालायचा. लाल म्हणजे काम राहिलं, पांढरा म्हणजे झालं. सोलताना परागाचा एक कण जरी मागं राहिला तरी ते बोंड वाया गेलं समजायचं. माझ्या ओळीत असलं बोंड कंपनीच्या सुपरवायझरला कधी सापडलं नाही, आणि हे मी त्याला येईल तेव्हा ऐकवायची.

तर त्या सकाळी मी दोन ओळींच्या मधून चालले होते. उजवीकडं लाल कागद कसे छान झळकत होते, आणि डावीकडं एकही नव्हता. डावी ओळ आदल्या संध्याकाळी नंदाबाईनं केली होती. नंदाबाई म्हणजे माझी धाकटी जाऊ, स्वभावानं गरीब, कामाला जरा सैल. माझं डोकं फिरलं.

"नंदे, काल काय झोपा काढल्या का गं? एक कागद न्हाई तुझ्या ओळीला!"

"हायेत की, बाई," ती मागून म्हणाली. "समदी ओळ केली म्या."

"मंग माझे काय डोळे फुटले का?"

हे बोलत मी तिच्याकडं मान वळवली आणि डावी ओळ दिसली. लालच लाल. पुन्हा समोर पाहिलं, ओळ गेली. मान वळवली, आली. वेड लागल्यासारखी मी दोन-चार वेळा तसंच करत राहिले. मग हातातलं फूल टाकलं आणि तळहातानं उजवा डोळा झाकला.

शेत गेलं. नंदाबाई गेली. बांध, लिंबाचं झाड, आभाळ, सगळं गेलं. काळोख नव्हता तो, चुलीतल्या गार राखेचा रंग होता. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, डोळ्यात साधं कुसळ नव्हतं. मी डोळा चोळला, मिटला, पुन्हा उघडला. राखच. मी मटकन खाली बसले आणि मालकांना हाक मारली, तीही नाव घेऊन. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर ते नाव मी तोंडातून काढलं नव्हतं.

"धर्मराज!"

मालक पलीकडच्या वावरात पाठीला पंप बांधून फवारत होते. ते तसेच पंपासकट धावत आले. त्यांच्या अंगाला औषधाचा उग्र वास येत होता, आणि तो वास आल्याबरोबर नंदाबाईनं निकाल देऊन टाकला.

"औषध उडालं, बाई. वारं सकाळपासून इकडंच येऊन राह्यलं."

कुणालाच दुसरं काही सुचलं नाही, मलाही नाही. आमच्याकडं फवारणीच्या दिवसांत जे काही होईल ते औषधानंच होतं. डोकं दुखलं, औषध लागलं. मळमळलं, औषध लागलं. त्या हंगामात मला पाण्याची घागर आणताना दम लागायचा, वाकून उठलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची, एकदा तर मी ओळीतच आडवी झाले होते. सासूबाईंनी ताकात लिंबू पिळून दिलं, वर गुळाचा खडा दिला आणि म्हणाल्या, औषध लागलंय. मीही म्हटलं, लागलं असेल, सगळ्यांनाच लागतं.

मालक माझ्या डोळ्यात बघत राहिले. डोळा बाहेरून अगदी जसाच्या तसा होता.

"माझ्याच हातानं झालं का हे?" ते म्हणाले आणि पंप पाठीवरून असा खाली टाकला की झाकण उडून औषध मातीत सांडलं.

डोळा पाण्यानं धुतला, शेळीच्या दुधानं धुतला. मग गावातल्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी फवारणी एवढा एक शब्द ऐकला आणि पुढचं काही विचारलं नाही. विषबाधेवरचं इंजेक्शन ठोकलं. हंगामात रोज कुणा ना कुणाला देत असतील, हात बसलेला. "बरं वाटेल थोड्या वेळात," म्हणाले.

थोड्या वेळात माझी जीभ टाळ्याला चिकटली. छातीत अशी धडधड सुरू झाली की पदर उडताना दिसायला लागला. ऊन सहन होईना. म्हणून मी मान खाली घातली, तर माझ्या हातातल्या बांगड्या दिसेनात. हात दिसत होता, पण बांगड्यांचा नुसता हिरवा फराटा झाला होता आणि तळहातावरची एक रेघ ओळखू येईना. आणि हे उजव्या डोळ्यानं. चांगल्या डोळ्यानं.

"अहो, ह्यो बी चालला," मी म्हणाले. "दुसरा बी चालला माझा!"

मालकांनी जीपवाल्याला भरायची वाट पाहू दिली नाही. आम्हा दोघांनाच घेऊन जालन्याला पळवायला लावलं. माझी पोरगी सत्यशीला तेव्हा चौथीत होती. ती शाळेतून धावत आली आणि जीपला धरून उभी राहिली, "आई, काय झालं गं?" म्हणून विचारायला लागली. मी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, जवळ ओढलं, तर ते आणखीच पुसट झालं. लांब केलं तर थोडं उमटलं. आपल्या लेकराचं तोंड आपण शेवटचं पाहतोय आणि तेही असं पाण्यात पडल्यासारखं, या विचारानं मला रडूसुद्धा फुटेना.

रस्ताभर मी मालकांना बोलत होते. भीती वाटली की माझी जीभ सुटते, हा माझा जुना रोग आहे.

"हात झडो तुमचे. वारं बघून फवारता येत न्हाई?"

"झडू दे," ते म्हणाले. त्यांच्या सदऱ्याला औषधाचा वास तसाच होता आणि प्रत्येक खड्ड्याला ते मला सावरत होते.

नवीन जालन्यात स्टेशनच्या अलीकडं वामन डॉक्टरांचा डोळ्यांचा दवाखाना होता. वामन डॉक्टर वयानं पिकलेले, बारीक आवाजाचे, पेशंटवर कधीच न खेकसणारे. त्यांनी उजेडाचं यंत्र लावून आधी डावा डोळा पाहिला, मग उजवा, मग पुन्हा डावा. त्यांचा श्वास माझ्या गालावर येत होता आणि तो मध्येच थांबला.

"बाहुल्या एवढ्या मोठ्या कशानं झाल्यात?" त्यांनी विचारलं.

मालकांनी इंजेक्शनचं सांगितलं.

"तेच. बाई, तुमच्या उजव्या डोळ्याला काहीही झालेलं नाही. त्या इंजेक्शननं बाहुली मोठी होते आणि जवळचं पुसट दिसतं. उद्या-परवापर्यंत उतरेल." मग म्हणाले, "मला मात्र त्यामुळं आतलं स्वच्छ दिसलं."

मला वाटलं या माणसाच्या पायावर डोकं ठेवावं. "आन् डावा?" मी विचारलं.

त्यांनी मला आडवं केलं, मिटलेल्या डोळ्यावर बोटं ठेवून दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. गोळ्या दिल्या. बराच वेळ असं चाललं. राख काही हलली नाही. शेवटी ते हात पुसत म्हणाले, "डोळ्याच्या आतल्या पडद्याला रक्त नेणारी नस बंद झालीय. पडदा पांढरा पडलाय. हा डोळा परत येईल असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

"औषधानं बंद झाली का, साहेब?" मालकांनी विचारलं.

"औषधाचा काही संबंध नाही. बाहेरून डोळ्यात काहीच गेलेलं नाही. आतून, रक्तातून, काहीतरी वाहत येऊन तिथं अडकलंय."

हे ऐकलं आणि आमचे मालक भिंतीला टेकून रडायला लागले. दुःखानं नाही, सुटका झाली म्हणून. टोपी डोळ्यांवर ओढून हमसून हमसून रडले. माझा असा संताप झाला! माझा डोळा गेला, आणि या माणसाला आनंद कशाचा, तर तो यांच्या हातानं गेला नाही याचा. मी तसं बोलूनही दाखवलं असतं, पण डॉक्टरांनी गळ्यातली नळी काढून कानाला लावली होती.

"साहेब, मी डोळा दाखवायला आले," मी म्हणाले.

"डोळा बघितला. आता तो कुणी बिघडवला ते बघतो. दम लागतो का तुम्हाला?"

"औषधाच्या वासानं लागतो."

"फवारणी नसते तेव्हा?"

मी विचार केला. लागायचाच की.

"कुठल्या कुशीवर झोपता?"

हा काय प्रश्न झाला? मी काही बोलायच्या आत मालकांनीच खाली बघत उत्तर दिलं. "उजव्या. भित्तीकडं तोंड करून. पोळ्याच्या आधीपासून."

"डाव्या कुशीवर गेलं की जीव घुसमटतो माझा," मी म्हणाले. "म्हनून तिकडं वळते."

मालकांनी मान वर केली. "म्हनून?"

"मंग काय तर?"

"मला वाटलं, तू रागावून राह्यली माझ्यावर."

इतके दिवस हा माणूस माझ्या पाठीकडं बघत झोपला होता आणि एका शब्दानं विचारलं नव्हतं. विचारणार कसा? मी वर्षातून दहा महिने कशावरून तरी रागावलेलीच असायची. त्या दवाखान्यात, एक डोळा गमावून बसलेली असताना, मला त्याची लाज वाटली.

डॉक्टरांनी मला बसवून ऐकलं, आडवं करून ऐकलं, डाव्या कुशीवर वळवून ऐकलं. डाव्या कुशीवर माझा जीव वर-खाली झाला तरी त्यांनी नळी काढली नाही. मग स्वतः हात देऊन उठवलं आणि मालकांना म्हणाले, "उद्याच्या उद्या औरंगाबादला जा. हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. घरी जाऊन येतो, मळ्यात बघून येतो, असलं काही करू नका."

औरंगाबादला त्यांनी छातीला गार मलम लावून यंत्र फिरवलं. माझी उजवी बाहुली जरा उतरली होती. यंत्राचा पडदा लांब होता, म्हणून मला दिसलं. काळ्या-पांढऱ्या ढगांत काळजाच्या झापा उघडत-मिटत होत्या आणि त्यांच्यामधून काहीतरी गोल, गुबगुबीत लोंबत होतं. झाप उघडली की खाली झोका घ्यायचं, मिटली की वर जायचं. देठाला लोंबणारं बोंड वाऱ्यानं हलावं तसं ते माझ्या छातीत हलत होतं.

"ही गाठ आहे," तिथले डॉक्टर म्हणाले. "कॅन्सर नाही, साधी आहे. पण जागा वाईट आहे. डाव्या कुशीवर ती रक्ताची वाट अडवते, म्हणून दम लागतो, चक्कर येते. आणि ती मऊ असते, हलता हलता तुकडा तुटतो. तसाच एक तुटून तुमच्या डोळ्यात गेला."

"आजून तुटंल?"

"तुटू शकतो."

"कुठं जाईल?"

ते मालकांकडं बघायला लागले. मी म्हणाले, "साहेब, गाठ माझ्या छातीत हाय. मला सांगा."

"डोक्यात जाऊ शकतो. पायात. दुसऱ्या डोळ्यात."

"कवा?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही. उद्या, महिन्यानं, किंवा कधीच नाही. ऑपरेशन करून काढून टाकणं हाच उपाय. पुण्याला करावं लागेल."

पुण्याला खाट मिळेपर्यंत थांबायचं होतं, आणि ते थांबणं देवानं माझ्या वैऱ्यालाही दाखवू नये. पैशाचं कसं जमवलं ते सांगत बसत नाही, मालकांनी जमवलं. मालकांनी राजूरच्या गणपतीला काय काय बोलून ठेवलं ते त्यांनाच माहीत. मी खाटेवर उजव्या कुशीवर पडून होते. शिंक आली की नाक दाबून धरायची. खोकला गिळायची. जिना नाही, वाकणं नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा नंदाबाई हातात द्यायची. सत्यशीला गळ्यात पडायला आली तर मी तिला हातानं लांब धरायची, धक्क्यानं तुटलं तर म्हणून. आणि भांडायचं नाही. भांडलं की छाती धडधडते. सबंध घर इतकं गप्प झालं की शेजारच्या बाया बघायला आल्या, म्हणाल्या, झुंबरबाईचा आवाज येईना, म्हणून आलो. मी हसलेसुद्धा नाही, कारण हसलं तरी छाती हलते.

पण सगळ्यात वाईट होती सकाळ. रात्री झोप लागायची नाही, पहाटे कधीतरी डोळा लागायचा. जाग आली की मी डोळा उघडायचीच नाही. मिटलेला असेपर्यंत अंधार हा आपला नेहमीचा अंधार असतो. उघडला आणि तरी अंधारच राहिला तर? कोंबडं आरवलेलं ऐकू यायचं, चुलीचा धूर नाकात जायचा, उन्हाची ऊब पायांवर चढायची, आणि मी मेल्यासारखी पडलेली असायची. पहिल्या दिवशी सासूबाई घाबरल्या आणि त्यांनी मला गदागदा हलवायला सुरुवात केली. मी किंचाळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तशीच पडलेली असताना मालक खाटेजवळ येऊन बसले. कागद चुरगळल्याचा आवाज आला.

"झुंबर," ते हळूच म्हणाले, "माझ्या हातात प्लॉटवरचा कागद हाय. लाल की पांढरा, सांग बरं."

"मला न्हाई उघडायचा."

"नको उघडू. मी काय कुठं चाललो न्हाई. सांगशील तवा सांग."

ते बसून राहिले. मळ्यात फुलं फिरवायच्या कामाला बायका खोळंबल्या होत्या, नंदाबाई दोनदा दारात येऊन गेली, पण ते उठले नाहीत. शेवटी मी डोळा किलकिला केला. दोन बोटांच्या चिमटीत धरलेलं इवलंसं काहीतरी माझ्या नाकासमोर थरथरत होतं.

"लाल," मी म्हणाले.

"बराबर," ते म्हणाले आणि मळ्यात गेले.

मग रोज तेच सुरू झालं. कधी लाल, कधी पांढरा, मुद्दाम अदलून-बदलून. मी अंदाजानं ठोकू नये म्हणून कधी दोन्हीही. मी सांगितलं की ते "बराबर" म्हणायचे आणि मला दिवसभराची मुदत मिळायची. त्यांचा हात थरथरायचा तो मला दिसायचा, आणि दिसतोय याचंच बरं वाटायचं. मी आयुष्यभर ज्या माणसावर ओरडत आले त्याच्यावर माझा एवढा जीव आहे हे मला तेव्हा कळलं. पण ते बोलून दाखवायलाही मी भ्यायले. असलं काही बोललं की माणूस मरतो, असं वाटायचं.

पुण्याला जाताना त्यांनी सदऱ्याच्या खिशात दोन्ही कागद घेतले होते. तिथल्या खाटेवरही आमची सकाळची परीक्षा चालायची. आजूबाजूचे पेशंट बघायचे, बघू देत.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिथले मोठे डॉक्टर येऊन समजावून गेले. छाती मधोमध उघडणार, हृदय थोडा वेळ थांबवून मशीनवर रक्त फिरवणार, गाठ काढणार.

"देठासकट काढा, साहेब," मी म्हणाले. "मी कळ्या सोलते. एक कण मागं राह्यला तर आख्खं बोंड जातं."

"इथंही तसंच आहे," ते म्हणाले. "देठ जिथं चिकटलाय तिथला थोडा भागही आम्ही कापून काढतो. मागं ठेवलं तर पुन्हा वाढते."

"आन् काढताना तुटली तर?"

"ती भीती आम्हालाही असते," ते म्हणाले. "म्हणून सावकाश काढतो. पूर्ण शुद्धीवर येऊन तुम्ही हातपाय हलवलेत, डोळा उघडलात, की कळेल."

म्हणजे पुन्हा तो डोळाच. सकाळी मालकांनी पांढरा दाखवला. मी सांगितलं, ते "बराबर" म्हणाले, आणि माझी गाडी आत ढकलत नेली. बांगड्या, मंगळसूत्र, सगळं उतरवून मालकांच्या हातात दिलं होतं. दारापर्यंत ते गाडीच्या बाजूनं चालले. टोपी सरळ करायला हात वर नेला, पण दोन्ही हात भरलेले होते.

जाग आली तेव्हा मी ओरडले, पण आवाज निघाला नाही. घशात जाड नळी होती. हात उचलायला गेले तर हात बांधलेले. आणि पापण्या उघडेनात. कशानं तरी चिकटलेल्या होत्या, चिकट, जड. मला वाटलं मेले. मग छातीत करवत फिरल्यासारखं दुखलं आणि कळलं की मेलेलं माणूस एवढं दुखून घेत नाही. कुणीतरी "हात दाबा" म्हणालं, मी दाबला. "पाय हलवा", हलवला. "शाब्बास, आता डोळे उघडा." ओल्या कापसानं कुणीतरी पापण्या पुसल्या. "मलम लावलं होतं, आता मोकळे झालेत. उघडा डोळे."

नाही उघडले. आत झोपवून गाठ काढताना तुकडा सुटला असेल तर तो कुठं गेला हे जगात फक्त माझ्या डोळ्याला माहीत होतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. नळी काढली, तरी नाही. घसा ओला करायला पाणी दिलं, तरी नाही. नर्स आधी गोड बोलली, मग रागावली, मग घाबरली. डॉक्टर आले, पापणी वर करून बॅटरी लावायला लागले तर मी मान फिरवली. छातीला शिवण असतानाही फिरवली. मला त्यांचा उजेड नको होता.

"हिच्या घरच्यांना बोलवा," कुणीतरी म्हणालं.

बराच वेळ काही झालं नाही. यंत्रांची टिकटिक ऐकू येत होती आणि ती माझ्याच काळजाची आहे हे मला माहीत होतं. मग पावलं आली. अनवाणी, अडखळत, माझ्या डाव्या बाजूला थांबली. औषधाचा वास नव्हता, हॉस्पिटलच्या साबणाचा होता, पण श्वास मी ओळखला.

"झुंबर," मालक म्हणाले. "सांग बरं. लाल की पांढरा?"

मी डोळा उघडला.

पांढरं दिसलं. नुसतं पांढरं, कडेपासून कडेपर्यंत, त्याला ना रेघ ना डाग. डाव्या डोळ्याच्या आत तसाच पडदा पांढरा पडला होता. मी तशीच बघत राहिले, म्हणजे बघत असेन तर. आणि मग त्या पांढऱ्यात एका कोपऱ्यात एक बारीक भेग उमटली, तिच्या शेजारी पाण्याचा जुना पिवळा डाग, आणि त्याच्या पलीकडं पंख्याचं पातं. ते छत होतं.

मालक डाव्या बाजूला उभे होते, जिथं मला काही दिसत नाही. मी मान हळूहळू वळवली.

त्यांनी अंगात हॉस्पिटलचा हिरवा झगा घातला होता, तोही उलटा, नाड्या पुढं. आत काही नेऊ देत नाहीत, म्हणून खिशातले दोन्ही कागद दारातच काढून घेतले असणार. तरी त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरलाच होता, दोन बोटं चिमटीत, आणि चिमटीत काहीच नव्हतं. डोळे घट्ट मिटले होते. उत्तर ऐकायची त्यांचीच छाती होत नव्हती. आणि आमच्या लग्नापासून चारचौघांत मी ज्यांचं डोकं कधी उघडं पाहिलं नव्हतं, त्या माणसाचे डोक्यावरचे चार पांढरे केस सगळ्या नर्सांपुढं उभे राहिले होते.

"टोपी कुठं हाय तुमची?" मी म्हणाले.

मालकांनी डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलं, आपल्या रिकाम्या बोटांकडं पाहिलं, आणि मग दोन्ही हातांनी डोकं झाकून ते तिथंच जमिनीवर बसले. "बराबर," ते म्हणत होते, "बराबर, बराबर," आणि माझ्या खाटेचा पाय धरून रडत होते.